एसएसएचने लॉगिन केल्यावर कार्यालयाचा झेड ड्राइव्ह का सापडत नाही?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी काम करतो. माझे मूळ काम हिशोबाचे. परंतु ‘तुला कॉम्प्युटरमधले कळते’ या एका वाक्यावर गेली काही वर्षे सर्व्हर, प्रिंटर आणि बॅकअप ही तिन्ही खाती माझ्याकडे चालत आली आहेत. त्यामुळे प्रश्नातच काही मूलभूत चूक असेल तर संकोच न करता सांगावी.

कार्यालयात विंडोज सर्व्हरवर चालणारे एक डोमेन (सर्वांची खाती आणि पासवर्ड एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) आहे. ‘दफ्तर’ नावाच्या फाइल सर्व्हरवर ‘ताळेबंद’ हे सामायिक फोल्डर आहे आणि प्रत्येकाने सकाळी लॉगिन केले की ते झेड ड्राइव्ह म्हणून आपोआप जोडले जाते. मी घरून व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) लावून माझ्या कार्यालयीन संगणकावर (विंडोज ११ प्रो) रिमोट डेस्कटॉपने जातो, म्हणजे त्याचा पडदाच घरी उघडतो, तेव्हाही झेड व्यवस्थित दिसतो. घरचे इंटरनेट रात्री फार रखडते, म्हणून मागच्या आठवड्यात त्या संगणकावर ओपनएसएसएच सर्व्हर सुरू केला (एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकावर फक्त आज्ञा टंकून काम करण्याची सुरक्षित पद्धत), माझी की (पासवर्डाऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) बसवली आणि पासवर्ड न टाकता लॉगिन होऊ लागले. इथपर्यंत सारे उत्तम झाले.

अडचण त्यानंतर सुरू झाली. एसएसएचमधून झेडवर जाण्याचा प्रयत्न केला, तर असा ड्राइव्हच नाही असे उत्तर येते. नेटवर्कवरील ड्राइव्ह जोडणाऱ्या आणि दाखवणाऱ्या ‘नेट यूज’ या आज्ञेची यादी पाहिली, तर तिच्यात झेड आहे, पण त्याच्यासमोर ‘अनअव्हेलेबल’ लिहिलेले आहे. अक्षराचा नाद सोडून थेट \\दफ्तर\ताळेबंद असा पूर्ण पत्ता दिला, तर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर मिळते. ‘हूअॅमआय’ विचारले, तर माझेच नाव येते. म्हणजे वापरकर्ता तोच, संगणक तोच, सर्व्हर तोच. त्याच वेळी रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडून पाहिली, तर तिथे झेड सुखाने उघडा होता.

या सगळ्याचा फटका बॅकअपला बसला. माझ्या संगणकावरील कामाचे फोल्डर रात्री रोबोकॉपीने (फाइली कॉपी करणाऱ्या विंडोजच्या आज्ञेने) झेडवर पाठवणारी एक छोटी बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) आहे. झेड मिळत नाही म्हणून तिच्यात पूर्ण पत्ता घातला, एसएसएचमधून ती सुरू केली आणि झोपलो. सकाळी पाहिले तर पडद्यावर ‘एरर ५’ आणि त्याखाली ‘वेटिंग ३० सेकंद्स... रिट्राइंग’ या ओळी रात्रभर एकाखाली एक उतरत गेलेल्या होत्या. एकही फाइल गेली नव्हती. माझ्या परवानग्यांमध्ये काही बिघाड आहे, की एसएसएचची मांडणीच चुकली आहे?

उंबरठा

परवानग्यांना हात लावू नका. त्या ठीक आहेत. एसएसएचची मांडणीही चुकलेली नाही. आपण ‘वापरकर्ता तोच’ असे लिहिले आहे, ते खरे आहे, परंतु विंडोज ड्राइव्हचे अक्षर वापरकर्त्याला किंवा संगणकाला बांधत नाही, तर लॉगऑन सेशनला, म्हणजे प्रत्येक लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या स्वतंत्र सत्राला, बांधते. रिमोट डेस्कटॉपने आत आलेले आपण आणि एसएसएचने आत आलेले आपण ही विंडोजच्या हिशोबी दोन वेगळी सेशने आहेत. एका सेशनमध्ये जोडलेला झेड दुसऱ्यात नसतो, मग दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या का असेनात. यादीत जे ‘अनअव्हेलेबल’ दिसते, ती प्रत्यक्ष जोडणी नसून आपल्या प्रोफाइलच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपली मांडणी साठवते त्या जागी) राहिलेली जुनी नोंद आहे: हा पत्ता या अक्षराला जोडावा, एवढेच त्या नोंदीत लिहिलेले असते.

हा झाला अक्षराचा प्रश्न. पूर्ण पत्ता देऊनही नकार का येतो, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे आणि आपली खरी अडचण तिथे आहे. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की माणूस दिवसभर नुसता अक्षरे जोडत आणि तोडत बसतो. मीही पूर्वी बसलो आहे.

आपण रिमोट डेस्कटॉपने येता तेव्हा पासवर्ड कार्यालयीन संगणकापर्यंत पोहोचतो. त्याच्या जोरावर तो संगणक डोमेन कंट्रोलरकडून (डोमेनची खाती तपासणाऱ्या सर्व्हरकडून) आपल्या नावाचे कर्बेरॉस तिकीट, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा, घेतो आणि पुढे ‘दफ्तर’ सर्व्हरला दाखवतो. एसएसएचमध्ये कीने लॉगिन केले की पासवर्ड कुठेच दिला जात नाही. कीचा उपयोग हाच आहे. आपण खरोखर आपणच आहात याची एसएसएच सेवेला खात्री पटते आणि ती विंडोजकडून आपल्या नावाचे टोकन (त्या संगणकापुरते ओळखपत्र) बनवून घेते. त्या टोकनावर त्या एका संगणकात सगळी कामे करता येतात, परंतु दुसऱ्या संगणकाला पटवून देता येईल असा कोणताही पुरावा त्यात नसतो. आपल्याला गेटवरच्या वॉचमनने चेहरा ओळखून आत सोडले आहे. पुढच्या इमारतीतला माणूस आपल्याला ओळखत नाही आणि पास मागतो. या प्रकाराला ‘डबल हॉप’ म्हणतात आणि पॉवरशेलच्या रिमोट सेशनमध्येही नेमके हेच घडते.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी कराव्यात. (आज्ञांची नावे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत.) एसएसएच सेशनमध्ये ‘केलिस्ट’ ही तिकिटांची यादी दाखवणारी आज्ञा द्या, रिमोट डेस्कटॉपमध्ये जे मूळ तिकीट दिसते, ते इथे दिसणार नाही. नंतर एकदा की बाजूला ठेवून, पासवर्ड टाकून एसएसएच करा आणि तोच पूर्ण पत्ता उघडून पाहा. विंडोजवरील ओपनएसएसएच पासवर्डने लॉगिन घडवते, तेव्हा तो पासवर्ड पुढच्या सर्व्हरसाठीही वापरता येतो. त्यामुळे फोल्डर उघडेल. झेड मात्र तेव्हाही आपोआप येणार नाही.

कीच वापरायची असेल, तर त्या सेशनमध्ये ‘नेट यूज’ने जोडणी स्वतः करावी लागेल: पत्ता द्यावा, ‘यूजर’ या पर्यायापुढे डोमेनसह आपले नाव द्यावे आणि पासवर्डाच्या जागी फक्त तारका ठेवावी. तारका ठेवली की आज्ञा पासवर्ड विचारून घेते आणि तो पडद्यावर उमटत नाही. पासवर्ड आज्ञेतच लिहू नये. तो इतिहासात राहतो आणि आज्ञा चालू असताना प्रोसेसच्या तपशिलातही वाचता येतो.

रोबोकॉपीविषयी स्वतंत्रपणे सांगतो. काही सांगितले नसेल तर ती अयशस्वी फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामध्ये ३० सेकंद थांबते. म्हणजे हिशोबाने सुमारे ३४७ दिवस. आपण सकाळी उठून पाहिलेत हे बरे झाले. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे पर्याय वापरून प्रयत्न २ आणि थांबणे ५ सेकंद असे काहीतरी ठेवा, म्हणजे निदान नकार लवकर कळेल.

तिसरा_मजला

एवढे कशाला? रिमोट डेस्कटॉपमध्ये जाऊन क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड साठवण्याच्या सोयीत) ‘दफ्तर’साठी नाव आणि पासवर्ड एकदा साठवून ठेवावा, म्हणजे एसएसएचमध्येही विंडोज तोच उचलेल. आणि व्हीपीएनचा त्रास नको असेल तर राउटरवर ४४५ क्रमांकाचे, म्हणजे विंडोजच्या सामायिक फोल्डरांच्या सेवेचे, पोर्ट उघडून घरूनच थेट फोल्डर जोडता येते.

उंबरठा

दोन्ही सूचनांविषयी लिहिणे भाग आहे.

साठवलेला पासवर्ड वापरकर्त्याच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेला असतो आणि ती किल्ली शेवटी पासवर्डावरूनच तयार होते. कीने उघडलेल्या सेशनमध्ये पासवर्डच नसल्यामुळे ते कुलूप उघडत नाही. ‘सीएमडीकी’ या पासवर्ड साठवण्याच्या आज्ञेने तिथेच नवा साठवायला गेलात, तर ‘या लॉगऑन सेशनमधून क्रेडेन्शियल साठवता येत नाहीत’ अशा अर्थाचे उत्तर मिळते. म्हणजे ही वाट फिरून त्याच दाराशी येते.

४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडू नये. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस याच सेवेतील दोषातून पसरला होता, आणि तोही मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्ये दिलेली असताना. लेखापालांच्या कार्यालयात लोकांचे पॅन, बँक खाती, विवरणपत्रे असे सगळे असते. व्हीपीएन आहे, तो राहू द्यावा.

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे केले. कीच्या सेशनमध्ये ‘केलिस्ट’मध्ये मूळ तिकीट खरोखरच नव्हते. पासवर्ड टाकून लॉगिन केल्यावर \\दफ्तर\ताळेबंद पहिल्याच फटक्यात उघडले. गेले आठ दिवस मी परवानग्यांची पाने उलटसुलट करत होतो, ते आठवून हसू आले.

मात्र तिथून दोन नव्या गोष्टी निघाल्या. बॅकअपसाठी आमच्याकडे एक वेगळे खाते आहे, म्हणून पासवर्डाच्या त्याच सेशनमध्ये ‘नेट यूज’ला त्या खात्याचे नाव दिले, तर ‘सिस्टिम एरर १२१९’ आली. दुसरी गोष्ट अशी की कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सीडी’ करून त्या पूर्ण पत्त्यावर जाताच येत नाही. बॅच फाइलमध्ये तर सगळीकडे झेड लिहिलेला आहे, रोबोकॉपीच्या एका ओळीत तेवढा मी तो बदलला होता. आणि मुख्य म्हणजे, रात्रीच्या कामासाठी दर वेळी मी जागे राहून पासवर्ड टाकावा, हे काही पटत नाही.

उंबरठा

१२१९ चा अर्थ असा की एकाच सेशनमधून एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडता येत नाही. आपण आधी स्वतःच्या नावाने फोल्डर उघडून पाहिले होते, ती जोडणी अजून जिवंत आहे. ‘नेट यूज’ने सर्व जोडण्या काढून टाकाव्यात आणि मग बॅकअपच्या नावाने जोडावे. सर्व्हरचे नाव न देता त्याचा आयपी पत्ता दिला की विंडोज त्याला निराळा सर्व्हर समजते आणि चूक नाहीशी होते, अशी युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगितलेली आढळते. ती चालते; पण आयपी पत्ता दिला की सर्वसाधारणपणे कर्बेरॉस बाजूला पडून एनटीएलएम ही ओळख पटवण्याची जुनी पद्धत वापरली जाते, म्हणून मी ती सवय लावून घेणार नाही.

‘सीडी’ला नेटवर्कचा पत्ता चालत नाही, ही कमांड प्रॉम्प्टची जुनी खोड आहे. त्याऐवजी ‘पुशडी’ वापरा: ती स्वतःच झेडपासून उलट्या क्रमाने मोकळे अक्षर शोधून पत्ता जोडते आणि ‘पॉपडी’ केले की काढून टाकते. रोबोकॉपीला मात्र अक्षराची गरजच नाही; ती पूर्ण पत्ता थेट घेते. बॅच फाइलमधून झेड हे अक्षर पूर्णपणे हद्दपार करणे, हे या सगळ्यातले सर्वांत फायद्याचे काम आहे, कारण उद्या कोणी झेडऐवजी वाय जोडला तरी बॅकअप चालू राहील.

रात्रीच्या कामाविषयी अधिक जाणकार लिहितील.

घड्याळजी

रात्रीचे काम एसएसएचच्या सेशनमध्ये चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीपीएन तुटला की सेशन जाते आणि सेशनबरोबर अर्धवट कॉपीही जाते. तेच काम टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) बॅकअपच्या खात्याच्या नावाने नोंदवावे, ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवावे’ हा पर्याय निवडावा आणि खात्याचा पासवर्ड तिथे एकदाच द्यावा. एसएसएचमधून मग फक्त ‘एसचटास्क्स’ या शेड्युलरच्या आज्ञेच्या ‘रन’ पर्यायाने त्या कामाला हाक मारायची. एसएसएचच्या सेशनला फोल्डर दिसत नसले तरी बिघडत नाही, कारण काम त्याच्या स्वतःच्या सेशनमध्ये, स्वतःच्या पासवर्डाने चालते.

इथे एक छोटी चौकट फार घात करते. त्याच पानावर ‘डू नॉट स्टोअर पासवर्ड’ असा पर्याय असतो. सुरक्षित वाटतो म्हणून लोक हमखास त्यावर खूण करतात. परंतु त्याच्याच पुढे लिहिलेले असते की अशा कामाला फक्त स्थानिक संगणकातील साधने मिळतील. हे वाक्य कोणी वाचत नाही. कीने उघडलेल्या एसएसएच सेशनचे जे दुखणे उंबरठा यांनी वर सांगितले, तेच हे: पासवर्डाशिवाय बनवलेले टोकन, म्हणून पुढच्या सर्व्हरवर नकार. ती चौकट रिकामी ठेवावी. बॅकअपच्या खात्याला त्या संगणकावर ‘बॅच जॉब म्हणून लॉगऑन’ करण्याचा अधिकार आहे ना, हेही पाहावे. बॅकअपच्या खात्याला ‘ताळेबंद’वर लिहिण्याची परवानगी असावी, पण ते डोमेनचे अ‍ॅडमिन खाते मुळीच असू नये, कार्यालयात हे दोन्ही एकच असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

पासवर्ड कुठेच साठवायचा नसेल, तर ‘ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट’ हा खात्याचा प्रकार विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध आहे. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः तयार करते, ठरलेल्या मुदतीने (मूळ मांडणीत ३० दिवसांनी) स्वतः बदलते आणि तो माणसाला माहीतच नसतो. डोमेनमध्ये त्यासाठी आधी एक मूळ किल्ली तयार करावी लागते आणि ती वापरात यायला १० तास थांबावे लागते, त्यामुळे संध्याकाळी सुरू करून त्याच रात्री चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक. काम झाल्यावर शेड्युलरमध्ये ‘लास्ट रन रिझल्ट’ १ दिसला तर घाबरून जाऊ नये. रोबोकॉपीच्या भाषेत ० म्हणजे कॉपी करण्यासारखे काही नव्हते आणि १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला, तरच काहीतरी राहिले आहे असे समजावे.

हिमनदी

मी जर्मनीतील एका विद्यापीठात लिनक्स सर्व्हर सांभाळते. विषय विंडोजचा असला तरी हाच प्रश्न आमच्याकडे दर सत्राच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांकडून येतो, म्हणून थोडे लिहिते.

लिनक्स सर्व्हरवर विद्यार्थ्याचे स्वतःचे (‘होम’) फोल्डर कर्बेरॉस लावलेल्या एनएफएसवर (लिनक्समधील नेटवर्कवरून फोल्डर सामायिक करण्याच्या पद्धतीवर) असेल आणि विद्यार्थी कीने लॉगिन झाला, तर तो आत येतो, पण स्वतःचेच फोल्डर त्याला ‘परमिशन डिनाइड’ म्हणते. काही वेळा तर गंमत अशी होते की त्याची की त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि तिकिटाशिवाय सर्व्हरला ती वाचताच येत नाही, त्यामुळे कीने लॉगिनच होत नाही. उपाय असा की विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवर ‘केइनिट’ या तिकीट मागण्याच्या आज्ञेने पुढे नेता येईल असे तिकीट घ्यावे, आणि एसएसएचला जीएसएसएपीआयने (तिकीट दाखवून लॉगिन करण्याच्या पद्धतीने) लॉगिन करून ते तिकीट सोबत न्यायला सांगावे. ओपनएसएसएचच्या क्लायंटमध्ये मोठ्या ‘के’चा पर्याय त्यासाठीच आहे. तिकिटाला मुदत असते. अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ मांडणीत १० तास. रात्री लावलेले गणित पहाटे फाइल लिहिताना अडखळले, तर आम्ही आधी तिकिटाची मुदत पाहतो.

मात्र तिकीट पुढे पाठवणे म्हणजे त्या सर्व्हरला आपल्या नावाने वागण्याची मुभा देणे होय. ज्या सर्व्हरवर विश्वास आहे, त्याच्यापुरतेच हे सुरू ठेवावे. सगळ्या सर्व्हरांसाठी सरसकट नको.

लिनक्सवरून विंडोजचे फोल्डर जोडत असाल, तर फोल्डर जोडणाऱ्या ‘माउंट’ या आज्ञेच्या सीआयएफएस (विंडोजच्या सामायिक फोल्डरांसाठीच्या) प्रकारात पासवर्डाची वेगळी फाइल देता येते. ती फक्त मालकाला वाचता येईल अशी, म्हणजे ६०० परवानगीची ठेवावी. अनेक जण तोच सर्व्हर वापरत असतील तर ‘मल्टियूजर’ हा पर्याय पाहावा, नाहीतर सगळे जण एकाच नावाने फोल्डरमध्ये वावरतात आणि कोणी काय पुसले याचा माग लागत नाही.

तिसरा_मजला

४४५ विषयी लिहिले ते मागे घेतो. आमच्याकडे ते कोणीतरी फार पूर्वी उघडून ठेवले होते. आज सकाळी बंद केले.

थोडा संबंधित प्रश्न: माझ्या कार्यालयीन संगणकावर जोडलेला ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला की नाहीसा होतो. इथे तर रिमोट लॉगिन काहीच नाही.

उंबरठा

कारण तेच आहे. अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन करताना यूएसी (अधिकाराच्या कामाआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर विंडोज दोन टोकन बनवते, एक साधे आणि एक अधिकाराचे, आणि दोघांची लॉगऑन सेशने वेगळी असतात. साध्या सेशनमध्ये जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाही. रजिस्ट्रीत ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ हे मूल्य १ करून संगणक पुन्हा सुरू केला की दोन्हीकडे दिसतो. गोदाकाठ यांना मात्र याचा उपयोग नाही, कारण एसएसएचचे सेशन या जोडीत मोडत नाही.

गोदाकाठ

काम झाले. घड्याळजी यांनी सांगितल्याप्रमाणे बॅकअपच्या खात्याच्या नावाने टास्क नोंदवला. ‘डू नॉट स्टोअर पासवर्ड’वर मी आधीच्या एका जुन्या टास्कमध्ये खूण केलेली होती, हे या निमित्ताने सापडले. तो टास्क मार्चपासून रोज रात्री चालत होता आणि रोज काहीच करत नव्हता. बॅच फाइलमधून झेड काढून सगळीकडे पूर्ण पत्ता घातला, प्रयत्न २ आणि थांबणे ५ सेकंद केले, आणि लॉग फाइल माझ्या संगणकावर ठेवली.

काल रात्री घरून कीने एसएसएच केले, टास्कला हाक मारली, व्हीपीएन मुद्दाम तोडला आणि झोपलो. सकाळी लॉगमध्ये ‘फेल्ड’ या रकान्याखाली ० होते आणि शेड्युलरमध्ये निकाल १. वर वाचले नसते, तर त्या १ च्या मागे मी आजचा दिवस घालवला असता.